आकड्यावरचं शुभवर्तमान : आमच्या पास्टोरेट कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सचिव, खजिनदार आणि पास्टोरेट कमिटीच्या सर्व बंधुभगिनींना सलाम.

हे पत्र मी आधी पाकिटात घालून कमिटीच्या नावानं दिलं होतं. पाकीट कपाटात गेलं. कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार यावरून आपल्याकडे दोन निवडणुका झाल्यात, म्हणून आता उघडंच लिहितो. मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, नाव घातलेलं नाही. अहिल्यानगर, बीड, जालना, सोलापूर, कुठल्याही मंडळीनं हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं, माझी हरकत नाही.

पुढच्या महिन्यात आपला तीन दिवसांचा उज्जीवन महोत्सव आहे. घरटी २,००० रुपये वर्गणी, मोठा मंडप, एलईडी पडदा, विमानानं येणारे वक्ते. त्यासाठी नवी 'मिशन समिती' नेमली आहे. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर समितीतल्या दोघांनी मला चिंचेखाली बाजूला घेतलं. मी पस्तीस वर्षं लाईनमन होतो हे सगळ्यांना ठाऊक. म्हणाले, "मामा, मंडपाच्या लाईटचं तेवढं तुम्ही बघा. समोरच्या पोलवरून आकडा टाकून द्या. तीन रात्रींचा तर प्रश्न आहे. देवाचं काम आहे."

मी "बघू" म्हणालो. माझी चूक झाली. तिथंच नाही म्हणायला हवं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग त्या पडद्यावर वचन कुठलं दाखवणार? चोरी करू नको, हे?"

तुमचा हेतू वाईट नाही हे मला माहीत आहे. गणपतीचा मंडप, लग्नाचा मंडप, पुढाऱ्याची सभा, सगळीकडे आकडे पडतात. मीच काढलेत नि मीच कित्येकदा दिसूनही न दिसल्यासारखं केलंय. पण समितीची बैठक मी मागच्या बाकावर बसून ऐकली. किती माणसं आली पाहिजेत, किती हात वर झाले पाहिजेत, 'ख्रिस्ताला स्वीकारलं' अशी किती कार्डं भरून घ्यायची, वर अहवालात किती लिहायचं. तुम्हाला दोन्ही आकडे हवे आहेत, पोलवरचा आणि वहीतला. मिशन या शब्दाचं आपण काय करून ठेवलंय, ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्या लोकांच्या तोंडी मिशन हे अजून जागेचं नाव आहे. 'मिशनात राहतो.' 'मिशनचा दवाखाना.' 'मिशनची शाळा.' 'मिशनची जमीन', आणि तिची कोर्टातली तारीख. जागा संपली तेव्हा त्याचा आपण कार्यक्रम केला. कंपाऊंडच्या भिंती पडल्या, मग मंडपाचे खांब रोवले. दोन्हीत एक सोय आहे. आत असताना मिशन, बाहेर पडलं की आपण मोकळे.

पहिली पिढी अशी मोकळी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. सिंथिया फरार ही एकटी बाई १८२७ पासून मरेपर्यंत या मुलखात पोरींना अक्षर शिकवत राहिली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण तिच्याच नगरच्या शाळेत घेतलं. त्या वर्गातल्या किती मुलींचा बाप्तिस्मा झाला, असा अहवाल कोणी मागितला असेलही. सावित्रीबाईंचा झाला नाही. म्हणून फरारबाईचं मिशन फसलं, असं म्हणायची कोणाची छाती आहे का?

माझा खापरपणजा १८७६-७७ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाला. गाव त्याला 'भाकरीचा ख्रिस्ती' म्हणायचं. घरात हा शब्द कोणी शिवी म्हणून घ्यायचं नाही. आजी म्हणायची, भाकरीसाठी झाला असेल तर असेल, भूक काय पाप आहे? पण मग त्यानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, रात्रशाळेत बसला, आणि वाड्यावर कोणी 'ए' म्हणून हाक मारली की वळून बघायचा नाही. गावाला शुभवर्तमान दिसलं ते त्या न वळलेल्या मानेत. मंडप लागत नव्हता त्याला.

मंडपावरून आठवलं. पौल स्वतः राहुट्या शिवायचा. आजच्या भाषेत मंडपवाला. त्यानं करिंथात राहुट्या शिवल्या आणि त्याच हातांनी पत्रं लिहिली. आपण मात्र त्याची पत्रं वाचतो आणि मंडपवाल्याचे पैसे सहा महिने थकवतो. मागच्या वर्षीचे थकलेत अजून, खजिनदारसाहेब.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं ढोलकी-टाळाच्या तालावर आपण दर रविवारी म्हणतो. त्यांनी शेवटी केलं काय, ते मात्र कोणी सांगत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले नि न झालेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकतील असं म्हटलं. पुढं दोन वर्षांत ते गेले, दरबार काही फार चालला नाही. पण मिशन हे कोणाच्या पगारावर चालणारं खातं नाही, हे त्यांना दिसलं होतं. आपण त्यांचा धडा बरोबर उलटा शिकलो. पाळकाला पगार आहे म्हणून मिशन पाळकाचं, आणि आपल्याला जिथं पगार मिळतो तिथं मिशनचा काय संबंध?

आता जामखेडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते आपल्या नगर जिल्ह्यातलं आहे आणि आपल्या व्यासपीठावर त्याचं नाव क्वचित येतं. डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे, डॉ. मेबल त्यांच्या पत्नी. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि खेड्यातच काम करायचं असं ठरवून संसाराला लागले. १९७० साली जामखेडला आले तेव्हा हा भाग कायम दुष्काळी. त्यांनी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय. लोक दवाखाना म्हणाले नाहीत. पाणी म्हणाले, अन्न म्हणाले. डॉक्टर माणूस इथं नाराज झाला असता. हे दोघं पाण्याच्या मागं लागले. आणि बोअर घ्यायची जागा दलित वस्तीत शोधायची, असा त्यांचा डाव होता. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं. विटाळावर प्रवचन एकही झालं नाही, पंपाचा दांडा मात्र सगळ्या जातींच्या हातांनी हलला.

मग त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, कितीतरी जणी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांचं शिक्षण दिलं. ज्या बाईची सावली नको होती तिच्याच हाती पाटलाची सून बाळंत होऊ लागली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यातल्याच एका गावच्या बाईला अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मोठ्या परिषदेत बोलायला बोलावलं होतं. तिनं सभागृहातली झगमगती झुंबरं दाखवून सांगितलं, असले दिवे सुंदर असतात, पण महाग, आणि त्यांना सांभाळायला जाणकार लागतो. मग तिनं साधा छोटा दिवा काढला. हा स्वस्त, आणि एकावरून दुसरा लावता येतो.

मी आयुष्यभर लाईटीचं काम केलं, तरी या बाईएवढं मला कळलं नाही. आणि आपण एलईडी पडदा भाड्यानं आणतोय.

आरोळ्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही, की तिचं दुकानही मांडलं नाही. औषधाच्या पुडीबरोबर पत्रक नाही, पाण्याच्या बदल्यात प्रार्थना नाही. हल्ली आपल्यावर आमिषाचा आरोप होतो तेव्हा आपण चिडतो, निवेदनं देतो. द्यावीतही, कारण पुष्कळदा आरोप खोटा असतो. पण ज्यानं काही मोबदला मागितलाच नाही त्याच्या दारी हा आरोप फार काळ टिकत नाही, हेही खरं. आणि आकड्याच्या विजेवर शुभवर्तमान सांगणाऱ्यानं तर कोणावर चिडायचंच नाही.

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल मामा दुसऱ्यालाच शिकवतात.

२०१३ चा उन्हाळा. दुष्काळ सगळ्यांना आठवत असेल. एका वस्तीवरची डीपी जळाली. विहिरीत हंडाभर पाणी, मोसंबीची झाडं वाचवायची म्हणून लोक रात्ररात्र मोटरीपाशी बसलेले. डीपी बदलायला पैसे द्यायचे नसतात, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. पण तसं चालत नाही हेही दोघांना माहीत. वर्गणी निघाली. ट्रॅक्टरचं भाडं, वरचा खर्च, आणि माझे ४,०००. एक विधवा बाई होती, अर्धा एकर घास, दोन शेरडं. तिनं ३०० रुपये रुमालाच्या गाठीतून सोडून दिले. मी घेतले. हात थरथरला वगैरे काही नाही. खिशात घातले आणि पोलवर चढलो.

पुढच्या रविवारी त्या ४,००० चा दशांश मी चर्चमध्ये दिला. कृतज्ञता अर्पण, ४०० रुपये. व्यासपीठावरून माझं नाव वाचलं, मंडळीनं आमेन म्हटलं. हिशेब अगदी चोख होता.

यात कमिटीचा दोष नाही, पैसे मी घेतले. पण एवढं विचारतो, की तीस-पस्तीस वर्षांत या मंडळीत मला एकदाही कोणी विचारलं नाही, बाबा, तुझं काम कसं चाललंय, हात स्वच्छ आहेत का, अडचण काय आहे. तंबाखू खातो का, सिनेमाला जातो का, पोरीचं लग्न मंडळीतच करणार ना, हे विचारलं. रविवारी गैरहजर राहिलो तर दोन माणसं घरी आली. पण सोमवार ते शनिवार मी कुठं असतो, याची चौकशी नाही.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे जकातदार जातात, शिपाई जातात, आणि विचारतात, आम्ही काय करावं. त्यानं कोणालाही नोकरी सोडून अरण्यात ये, टोळ आणि रानमध खा, असं सांगितलं नाही. जकातदारांना म्हणाला, ठरवून दिलंय त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, दमदाटी करून पैसे काढू नका, पगारात भागवा. सरकारी परिपत्रकासारखं सरळ वचन. आपल्या मंडळीत तलाठी झाले, हवालदार झाले, शिक्षक, नर्स, कंडक्टर, मी लाईनमन. या वचनावर एक उपदेश मी ऐकलेला नाही. जक्कयाची गोष्ट शब्बाथ शाळेत शिकवतो ती झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची, कृतिगीतासकट. तो झाडावरून उतरला की तास संपतो. खरी गोष्ट तर तिथून पुढं आहे. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी वही काढली. आठवतील तेवढी नावं लिहिली, अकरा ठिकाणी गेलो. चौपट नाही दिलं, तेवढी ऐपत नाही, मुद्दल दिलं. एकानं चहा पाजला आणि पैसे नाकारले. एक म्हणाला, द्यायचेच तर व्याजासकट द्या, आणि मी दिले. एकानं विचारलं, "पेन्शनीत धर्म वाढला का?" ती विधवा बाई वारली होती. मुलाला काही आठवत नव्हतं, त्यानं ३०० रुपये घेऊन शेरडांना पेंड आणली. कोणाचं मनपरिवर्तन झालं नाही. मलाही फार हलकं वाटलं असं नाही. वहीत अजून नावं आहेत.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. लाईनवर चढायच्या आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यावं लागतं. खाली बसलेला ऑपरेटर लाईन बंद ठेवतो, त्याच्या शब्दावर वरचा माणूस तारेला हात घालतो. माझा असा जीव ज्यानं बावीस वर्षं राखला, तो माणूस दर शनिवारी शिंगणापूरला तेल वाहायला जायचा. प्रचंड वादळातही त्यानं खुर्ची सोडली नाही. आपण जगाकडे द्यायलाच जातो, घेणारे ते, असा आपला एक समज आहे. मला तरी माझ्या नोकरीत शेजाऱ्यावर प्रीती कर याचा अर्थ त्यानं शिकवला. 'हरवलेल्यांसाठी प्रार्थना' असं पत्रिकेत छापता, तेव्हा मला त्याची आठवण होते आणि मान खाली जाते.

बाहेरचं सोडा, आपल्याच वहीत बघा. आपल्या मंडळीतली आठ घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, उन्हाळा तोंडावर येईपर्यंत परत येत नाहीत. हजेरीच्या वहीत त्यांच्यापुढं 'गैरहजर' लिहिलेलं आहे. सभासदत्वाची वर्गणी थकल्यामुळं त्यांतल्या पाच जणांचं नाव मतदार यादीतून काढलं आहे. पाळकसाहेब, ती गैरहजर नाहीत, आपण त्यांच्या कोपीवर, त्या फडाजवळच्या झोपडीवर, गैरहजर आहोत. नाताळ त्यांचा उसाच्या फडात जातो. पहाटे तीनला उठून गाडी भरायची, लेकरं पाचटात झोपलेली. एक पोर सहावीत आहे, वर्षातले चार-पाच महिने शाळा नाही. 'जगाच्या शेवटापर्यंत' जायची आपली तयारी आहे म्हणे. हा कारखाना साठ किलोमीटरवर आहे, एसटी जाते.

आणि आपला चर्च झाडणारा, घंटा वाजवणारा माणूस महिन्याला ३,००० रुपयांवर राबतो. याकोबानं पाचव्या अध्यायात मजुरांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल काय लिहिलंय, ते कमिटीनं एकदा मोठ्यानं वाचावं. महोत्सवात नको. बैठकीत, दार लावून वाचलं तरी चालेल.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेव्हा छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली होत्या. त्या मिशनात कितीजणी दुष्काळातून हाडांचा सापळा होऊन आल्या होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ पुरा छापून निघाला तो त्यानंतर. खिळे उलटे वाचावे लागतात, एक चुकला तर वचन चुकतं. त्या मुलींना कोणी मिशनरी म्हटलं नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो विहिरींच्या पाण्यासाठी आणि शेतजमिनीसाठी बिल्डरांच्या विरोधात उभे राहिले, तेव्हाही काही भाविकांनी विचारलं असणारच, की फादरांचं हे काय काम? मला वाटतं, तेच काम.

महोत्सव बंद करा असं मी म्हणत नाही. मला स्वतःला उज्जीवन सभा आवडतात. चार मंडळ्यांची माणसं भेटतात, भजनं रंगतात, १९८४ च्या सभेत मी ढसाढसा रडलोय. पण तीन दिवसांचा एक दिवस करा. वक्ते नगरचेच बोलवा, एसटीनं येतील. पडदा नको. उरलेल्या पैशातून नाताळच्या आठवड्यात एक टेम्पो घेऊन आपण कोपीवर जाऊ. उपासना तिथंच, पहाटे नाही, ती माणसं फडातून आल्यावर. आपल्या आठ घरांच्या शेजारी ज्यांच्या कोप्या असतील त्यांनाही जेवायला बसवू, नाव-धर्म न विचारता. त्या सहावीतल्या पोराला इथं कोणाच्या घरी ठेवून घेता येईल का, याचा स्त्रीमंडळानं विचार करावा. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे.

आणि रविवारी आशीर्वादाच्या आधी पाच मिनिटं द्या. दर आठवड्याला एका माणसाला पुढं बोलवा आणि विचारा, तू उद्या सकाळी कुठं असणार, तिथं काय अवघड आहे. मग मंडळीनं त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, पाळक व्हायला सेमिनरीला जाणाऱ्या पोरावर ठेवून करतो तशीच. सुरुवात साहेब झालेल्यांपासून करू नका. सरकारी दवाखान्यात फरशी पुसणारी आपली ताई आहे, तिच्यापासून करा. दारू सोडवायच्या नादात रोज मार खाणारी आपली आशा कार्यकर्ती आहे, तिला बोलवा. पोल्ट्रीवाला, रिक्षावाला, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारी मुलगी. मला बोलावलंत तर वही घेऊन येईन. पहिल्या दिवशी लोक लाजतील, कोणी तरी राजकारण करेल, कोणाचं भाषण लांबेल. लांबू द्या.

लग्न जुळवताना 'पूर्वीचे कोण', म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कुठली, हे विचारायचं आपण अजून सोडलेलं नाही, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. ते इथं कोंबत नाही.

आता लाईटचं. तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज मी भरून ठेवला आहे. एका रात्रीचा लोड काढला, तीन रात्रींचा नाही. अनामत भरावी लागेल, ती मीटर काढल्यावर परत मिळते. वायर जुनी चालेल, पण मंडपाचं अर्थिंग मी स्वतः करणार, आणि त्याची मजुरी घेणार नाही. अर्जावर सचिवांची सही आणि चर्चचा शिक्का लागतो, सोबत जागेच्या कागदाची झेरॉक्स. सोमवारी सकाळी दहाच्या आत मला मिळाली तर मंगळवारी ऑफिसात देतो. साहेब मंगळवारीच असतात.

आपला,
मंडळीतला एक निवृत्त लाईनमन